ॲव्हरेज आणि डावा गुडघा

आमच्या वळसंगात कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली, की पेढा तोंडात जाण्याआधी लोक एकच प्रश्न विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" रंग कोणता, किंमत किती, कर्ज कुणाचे, हे सगळे मागाहून. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पेट्रोलवर चालणारी, १२०० सीसीपर्यंतची आणि चार मीटरपर्यंत लांबीची गाडी यात येते. तेव्हापासून समाजमंदिराच्या ओट्यावर गाड्यांच्या गोष्टी वाढल्या आणि आमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्या कारकुनाला हिशेब मांडून देण्याचे काम लागले.

आमच्या आळीत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. काकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सोलापूरला न्यावे लागते. जाताना वडाप चालते, पण येताना काकूंना मान धरवत नाही. मग भाड्याची गाडी, फेरीला बाराशे रुपये. महिन्याला दहा हजारांच्या वर नुसते भाड्यातच जातात. गुरुजींनी निवृत्तीच्या पैशातून थोडे बाजूला काढले होते. ते चोपड्यांची चळत घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही सांगाल ती घेऊ."

आम्ही वही काढली. फेरी पन्नास किलोमीटरच्या आसपास, महिन्याच्या आठ-नऊ फेऱ्या, शिवाय बाजारहाट, म्हणजे सहाशे किलोमीटर धरले. पेट्रोल १०५ रुपये आणि सीएनजी ९० रुपये किलो धरला. मारुती अल्टो के-१० घ्या. कंपनीच्या आकड्याप्रमाणे हाताने गियर टाकायची गाडी लिटरला २४.३९ किलोमीटर जाते, आपोआप गियर पडणारी, म्हणजे एएमटी, २४.९० जाते आणि सीएनजीची किलोला ३३.८५ जाते. यावरून पेट्रोलचा महिन्याचा खर्च २,५८० रुपयांच्या आसपास आणि सीएनजीचा १,६०० च्या आत येतो. महिन्याला हजाराच्या जवळ वाचले! आम्ही सीएनजीवर लाल खूण केली आणि वही गुरुजींपुढे सरकवली.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "भाऊ, तुमच्या वहीत ह्यांचा गुडघा कुठं लिहिलाय?"

आम्ही गप्प झालो. गुरुजींचा डावा गुडघा चार वर्षांपासून धरतो. जिना चढताना ते कठडा सोडत नाहीत, हे आम्ही रोज पाहतो. अक्कलकोट नाक्यापासून सात रस्त्यापर्यंत सकाळच्या गर्दीत किती वेळा क्लच दाबावा लागतो, ते ज्याने गाडी चालवली त्याला विचारा. अल्टोची सीएनजी गाडी फक्त हाताने गियर टाकायची मिळते. आणि डिकीत टाकी बसली की काकूंचे अंथरूण-पिशवी ठेवायची कुठे, हेही आमच्या लक्षात आले नव्हते. शिवाय सीएनजीची गाडी सुमारे ८० हजारांनी महाग. महिन्याला हजार वाचले तर ते फिटायला पावणेसात वर्षे लागणार. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते, तो खर्च वेगळाच. जो महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर फिरतो, त्याने सीएनजी जरूर घ्यावी. त्याचे पैसे अडीच वर्षांच्या आत निघतात. गुरुजींचे तसे नाही.

आता एएमटी म्हणजे काय, हे आम्हांला आमच्या गावच्या मेस्त्रीने समजावून सांगितले, ते थोडक्यात सांगतो. पूर्वीच्या ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन आणि गियरपेटी यांच्यामध्ये तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर असे. त्यात ताकद वाया जाई आणि पेट्रोल जास्त लागे. "ऑटोमॅटिक म्हणजे पेट्रोल पिणारी" ही समजूत तेव्हाची आहे आणि तेव्हा ती खरीच होती. एएमटीत गियरपेटी आणि क्लच साध्या गाडीचेच असतात. फक्त क्लच दाबायचे आणि गियर बदलायचे काम माणसाऐवजी यंत्र करते आणि त्याला हुकूम देणारा एक लहान संगणक असतो. पायाखाली दोनच पेडल, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, आणि दोन्ही उजव्या पायाने. गुरुजींना आम्ही म्हटले, डावा पाय घरी ठेवून आलात तरी चालेल.

आपल्या देशात स्वस्त गाडीत ही सोय पहिल्यांदा २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने आणली. तेव्हा तिची मॅन्युअल आणि एएमटी दोन्हींचा आकडा एकच होता, २३.१. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या अल्टो के-१० चेही तसेच, दोन्ही २४.०७. पण २०१५ च्या टाटा नॅनोत मॅन्युअल २३.६ आणि एएमटी २१.९ होती. म्हणजे एएमटी आली की ॲव्हरेज वाढते किंवा घटते, असा सरसकट नियम नाही. संगणकाला गियर कधी बदलायला शिकवले आहे, त्यावर ते अवलंबून असते. नॅनो मिळाली असती तर गुरुजींचे काम कमी पैशात झाले असते असे आम्हांला अजून वाटते, पण ती गाडी बंद झाली. मारुती ८०० तर १९८३ साली आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

हे आकडे येतात कुठून? आपल्या पुण्यात एआरएआय नावाची संस्था १९६६ पासून आहे, तिथे व अशाच मान्य ठिकाणी गाडीची चाके रुळांवर फिरवून पेट्रोल मोजतात. साधारण वीस मिनिटांची चाचणी असते, वेग ९० च्या वर जात नाही. एसी बंद. खड्डा नाही, म्हैस नाही, उसाची ट्रॉली नाही. मॅन्युअल गाडीत कोणत्या क्षणी कोणता गियर टाकायचा हे आधीच ठरलेले असते. एएमटी मात्र आपल्या संगणकाच्या मर्जीने लवकर वरच्या गियरात जाऊ शकते. म्हणून तिचा आकडा कधी कधी थोडा वर दिसतो. तेव्हा चोपड्यातील आकडा दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यापुरता वापरावा, घरखर्चात तो लिहू नये. खरा आकडा काढायचा तर टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा आणि भागाकार करा. काट्याकडे बघून "अर्धी टाकी गेली" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आम्हीही एकेकाळी त्यांतलेच होतो. जुनी मारुती ८०० घेतली तेव्हा डावा पाय क्लचवर टेकवूनच ठेवायची आम्हांला खोड होती. ॲव्हरेज पडले, आम्ही पंपवाल्याला नावे ठेवली आणि वर्षभरात क्लचप्लेट जळाली. दोष कुणाचा, ते मेस्त्रीने प्लेट हातात देऊन दाखवले.

पेट्रोलही आता पूर्वीचे नाही. त्यात वीस टक्के इथेनॉल असते. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, त्यामुळे इथेनॉलला वाईट म्हणणे आम्हांला अवघड जाते. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा ॲव्हरेज थोडे उतरणारच. जुन्या गाड्यांत जास्त, नव्यांत कमी.

आता एएमटीचा हिशेब. आम्ही चौकशी केली तेव्हा ती मॅन्युअलपेक्षा सुमारे ४५ हजारांनी महाग होती. आकड्यांतील फरकाने सहाशे किलोमीटरला अर्धा लिटर पेट्रोल वाचते, म्हणजे पन्नास रुपये. ४५ हजार वसूल व्हायला पंच्याहत्तर वर्षे लागतील! गुरुजी हसले, काकूही हसल्या. तेव्हा ॲव्हरेजसाठी एएमटी घेतो असे कुणी सांगितले तर त्याचे गणित कच्चे आहे असे समजा. ते ४५ हजार गुडघ्याचे आहेत. आणि भाड्याच्या दहा हजारांपुढे पाहिले, तर ते पाचव्या महिन्यात निघतात.

एएमटीतही उणे आहे, ते लपवू नये. गियर बदलताना गाडी क्षणभर दम घेते आणि मान पुढे डोलते. काकूंना त्याचा त्रास होईल ही धास्ती आम्हांला होती, म्हणून घेण्याआधी त्यांनाच मागे बसवून चक्कर मारली. ॲक्सिलरेटर हलक्या पायाने दाबला तर डोलणे पुष्कळ कमी होते. चढावर थांबताना ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नये, क्लच तापतो, ब्रेक दाबावा. गर्दीत फार वेळ थांबायचे असेल तर न्यूट्रल करून हातब्रेक ओढावा. यंत्र बिघडले तर रस्त्यावरच्या कोणत्याही मेस्त्रीच्या हातात ते येत नाही, सोलापूरच गाठावे लागते. सीएनजी आणि एएमटी एकत्र हवी असेल तर टाटा टियागोने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती सोय पहिल्यांदा दिली, किलोला २८.०६ किलोमीटर, पण किंमत तेव्हा आठ लाखांच्या घरात होती. आम्ही ते पान न बोलता उलटले.

गुरुजींनी एएमटी अल्टो घेतली. त्यांची सूनबाई अंगणवाडीत आहे. पूर्वी मॅन्युअल गाडीवर शिकायला गेली होती, चढावर गाडी तीनदा बंद पडली, मागचे लोक ओरडले आणि तिने शिकणे सोडले होते. या गाडीवर ती शाळेच्या मैदानात पंधरा दिवसांत तयार झाली, परवानाही काढला. आता मंगळवारी गुरुजी आणि शुक्रवारी सूनबाई अशी वाटणी आहे.

वही आम्हीच सुरू करून दिली. टाकी ते टाकी पहिला आकडा १७.८ आला, दुसरा १८.९. दोन्ही गुरुजींचे. तिसऱ्या टाकीला गाडी जास्त करून सूनबाईंच्या हातात होती, आकडा आला २०.१. त्या वेळी पंपावर टाकी नीट काठोकाठ भरली नसावी, असे गुरुजींचे म्हणणे आहे.