माणसे मोजा, पण वाटही मोजा



वखरणीचे पैसे एकरावर ठरतात. उगवण विरळ झाली म्हणून बैलजोडीवाला भाडे कमी घेत नाही, आणि ट्रॅक्टरवाला तर मुळीच नाही. एकरभर वखर फिरला, एकराचे पैसे झाले. झाडे किती, हा हिशेब वेगळा. वावरात राबणाऱ्या कुणालाही हे शिकवावे लागत नाही. सरकारच्या हिशेबाला मात्र ते अजून उमगलेले नाही.

आपली परिस्थिती आकड्यांत पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात एका चौरस किलोमीटरवर ३६५ माणसे राहतात. चंद्रपुरात १९३ च्या आसपास, गडचिरोलीत फक्त ७४. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर. शहर आणि उपनगर धरून अख्खी मुंबई ६०३ चौरस किलोमीटर. मुंबईचे आमदार ३६, गडचिरोलीचे ३. माणसागणिक मत हे तत्त्व बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पैशाच्या वाटपाची आहे.

१५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना निधी दिला. राज्याराज्यांत वाटताना १०० पैकी ९० रुपये लोकसंख्येवर आणि १० रुपये क्षेत्रफळावर. राज्याच्या वित्त आयोगाचे वेगळे सूत्र नसेल, तर गावागावांतही हेच प्रमाण. म्हणजे दीड हजार वस्तीचे एक गाव एकाच चौकात बसलेले असो, की तेवढीच वस्ती सहा टोल्यांत पाच-पाच किलोमीटरवर पसरलेली असो, ९० रुपयांच्या हिशेबात दोघे सारखेच. पण पहिल्या गावाला एक नळयोजना पुरते, दुसऱ्याला सहा लागतात. तार सहापट ओढावी लागते. डीपी जळली की ती उतरवून आणायला दिवस जातो. सरपंच तोच, ग्रामसेवकही तोच; आणि वाट मात्र संपता संपत नाही.

यावर साहेबलोकांचे उत्तर ठरलेले असते : दोनशे माणसांसाठी एवढा खर्च परवडत नाही. कुणाला परवडत नाही? रस्ता झाला नाही म्हणून खर्च वाचत नाही, तो शेतकऱ्याच्या खिशातून जातो. जिवतीच्या डोंगरावरून कापूस खाली जिनिंगपर्यंत न्यायचा तर गाडीभाडे भावातूनच कापले जाते. पांदणीत गाडी रुतते, म्हणून घरीच खेडा खरेदीत माल द्यावा लागतो. तिथे भाव त्याचा आणि काटाही त्याचाच. ज्वारीचे तेच. हमीभाव दिल्लीत जाहीर होतो, तो वावरापर्यंत पोहोचतो की नाही हे शेवटच्या चार किलोमीटरांवर ठरते. २०२४ च्या पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला आणि भामरागडचा संपर्क तुटला, तेव्हा फक्त बाजार नाही, दवाखानाही तुटला.

दुसरा आक्षेप असा, की क्षेत्रफळ मोजले तर त्यात जंगलच जास्त, तिथे खर्च कशाचा? रस्ता जंगलातूनच जातो, साहेब. पूल जंगलातल्याच नाल्यावर बांधावा लागतो. वणवा विझवायला गावकरीच धावतात.

आणि तत्त्व म्हणून सरकारने ही गोष्ट एकदा कबूल केलेलीच आहे. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, तेव्हा सपाट भागात ५०० वस्तीच्या गावाला रस्ता, आदिवासी व डोंगराळ भागात २५० वस्तीला, असा फरक केला गेला. बांधताना जी अडचण मान्य केली, ती दुरुस्तीच्या आणि पंचायतीच्या पैशात का विसरायची?

थोडी माणसे आपला कारभार चालवू शकत नाहीत, हाही एक आवडता समज आहे. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात गव्हाची कोरडवाहू शेती आहे. तिथल्या ग्रामीण नगरपालिका मुळात साधारण १८ मैल लांब, १८ मैल रुंद आखल्या गेल्या. म्हणजे एकेक मुंबईपेक्षा मोठी, आणि अनेकींची वस्ती अवघी काहीशे. तरी तिथे शेतकऱ्यांनी निवडलेले मंडळ आहे, जमिनीवरचा कर ते स्वतः ठरवते, रस्ते राखते. १९१७ पासून या नगरपालिकांनी मिळून गारपिटीचा विमाही चालवला. तिथे सारे आलबेल नाही. शेते मोठी होत गेली, माणसे निघून गेली, रेल्वेचे फाटे बंद पडले. त्यांची जमीन आणि आपली जमीन यांचीही बरोबरी नाही. पण माणसे थोडी उरली म्हणून कारभार हातचा सोडायचा, असे त्यांनी मानले नाही.

एवढ्या लांब जायचेही कारण नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ची वस्ती पाचशेच्या आसपास. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव त्याहूनही लहान. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरचा हक्क मिळवून त्याने बांबूचा व्यवहार स्वतः केला. अधिकार आणि उत्पन्न गावात आले, तेव्हा विरळ वस्ती आड आली नाही.

म्हणून जिल्हा बैठकीत हे ठराव यावेत :

१. पंचायत निधीच्या वाटपात क्षेत्रफळाचा वाटा १० वरून निदान ३० व्हावा.

२. रस्तेदुरुस्तीचे पैसे किलोमीटरवर मिळावेत, आणि त्या किलोमीटरांत पांदणी धराव्यात.

३. पेसा क्षेत्रातल्या टोल्यांनी २०१४ च्या नियमांप्रमाणे स्वतंत्र गाव म्हणून घोषणेची मागणी करावी.

चौथे काम सरकारचे नाही, आपले आहे. बैठकीला येताना आपल्या गावाची वाट मोजून आणा. टोला ते शाळा किती, वावर ते डांबरी रस्ता किती, गाव ते जिनिंग किती, पावसाळ्यात किती दिवस बंद. ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठरावाच्या वहीत नोंदवा. घरपट्टी थकवून पंचायतीला जाब विचारता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. वर्षात चार ग्रामसभा कायद्यानेच घ्याव्या लागतात. त्या कागदावर होऊ देऊ नका. आपली माणसे सरकारने मोजली आहेत. वाट आपणच मोजली पाहिजे, कारण ती रोज आपणच तुडवतो.