नाणे रोमचे की नहपानाचे?

खामगावच्या चांदीच्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसास धातूची पारख वेगळी शिकवावी लागत नाही. तरीही तेथील एका पेढीवरील नातू मोबाईलवर दिसलेल्या ‘रोमन सम्राटाच्या चांदीच्या नाण्या’स भुलला. पैसे पाठविण्यापूर्वी त्याने फोन आजोबांपुढे धरला. उजवीकडे पाहणारे मस्तक, भोवती ग्रीक वळणाची अक्षरे. रोमन म्हणावयास आणखी काय हवे?

आजोबांनी आधी वजन विचारले. दोन ग्रॅमच्या किंचित वर. भारतात पुष्कळ सापडणारे टायबेरियसचे डेनारियस सुमारे पावणेचार ग्रॅमचे असते. त्यावरील लेख लॅटिन, मागे आसनस्थ स्त्री. “मागची बाजू दाखव,” आजोबा म्हणाले. तेथे बाण आणि वज्र होते, कडेने ब्राह्मी व खरोष्ठी अक्षरे. नाण्यावरील खुणा क्षहरात क्षत्रप नहपानाच्या होत्या.

नहपान जैन घरांस अगदीच परका नाही. आवश्यकसूत्राच्या निर्युक्तिपरंपरेत भरुकच्छचा नहवाहन येतो. अनेक इतिहासकार त्यालाच नहपान मानतात. तो कोशाने समृद्ध, तर प्रतिष्ठानचा सालवाहन सैन्याने. वेढे घालूनही नगर पडेना, तेव्हा सालवाहनाचा अमात्य रुसल्याचे सोंग घेऊन नहवाहनाकडे गेला आणि त्याला दानधर्मात कोश रिता करावयास लावले. भांडवल संपल्यावर किल्ला किती दिवस टिकतो, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीस नहपानाची १३,००० हून अधिक नाणी सापडली. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कथेतील पराभव चांदीवरच उमटला होता म्हणावयाचा.

ओळख पटली, तरी नाणे अस्सल ठरत नाही. जुने नाणे ठोक्याने घडे. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ आणि पृष्ठावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे राहू शकतात. पाण्यात तोलून घनता काढावी. शुद्ध चांदीची १०.५ च्या आसपास असते, हिणकस धातूची बहुधा कमी भरते. ही परीक्षा छायाचित्रावरून होत नाही. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यान्वये अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करणाऱ्यास परवाना लागतो, आणि खाजगी व्यक्तीस त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत.

नातवाने विक्रेत्याकडे कडेचे छायाचित्र, परवान्याचा क्रमांक आणि नाणे कोणाकडून आले याचा तपशील मागितला. रात्रीपर्यंत उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी नाण्याखाली ‘रोमन’च लिहिलेले होते, किंमत मात्र उतरली होती.