तारामासा विका, पण ‘वाळू साफ करणारा’ म्हणून नको

ॲक्वेरियमचं दुकान टाकताना खाऱ्या पाण्याचा माल ठेवणार असाल, तर होलसेलवाला तुम्हाला एक वाक्य हमखास शिकवेल. “सँड स्टार घ्या, वाळू साफ ठेवतो, खायला घालावं लागत नाही.” या वाक्यावर माल झटपट जातो. माझं मत स्पष्ट आहे, तुमच्या काउंटरवर हे वाक्य बोलूच नका.

एक तर या नावाखाली दोन वेगळे तारामासे येतात. ॲस्ट्रोपेक्टेनच्या भुजांच्या कडेला कंगव्यासारखे काटे असतात आणि खालचे इवलेसे पाय टोकदार असतात, त्यांना चिकटायची वाटी नसते. म्हणून काचेवर त्याचं काही चालत नाही, वाळूत मात्र बघता बघता गडप होतो. आर्कास्टर वरून जवळपास तसाच मातकट दिसतो, पण त्याच्या पायांना वाट्या असतात. पारदर्शक डब्यात पाण्यासकट घ्या आणि खालून बघा. हातात धरून पाण्याबाहेर काढायची हौस नको.

खरा फरक खाण्यात आहे. आर्कास्टर मुख्यतः वाळूवरचा गाळ आणि सूक्ष्म थर खातो. ॲस्ट्रोपेक्टेन शिकारी आहे. वाळूतल्या छोट्या गोगलगायी, शिंपले, किडे अख्खे गिळतो. त्याला गुदद्वारच नाही, त्यामुळे रिकामी कवचं तोंडातूनच बाहेर टाकतो! म्हणजे वाळू जिवंत ठेवणारे जीवच तो संपवतो. लहान टाकीत हा साठा संपला की उपासमार सुरू. पण तो वाळूखाली असतो, ग्राहकाला पत्ता लागत नाही. भुजांची टोकं झिजलेली दिसतात तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आत मेला तर पाणी बिघडतं आणि बाकीचे मासेही धोक्यात येतात.

आता धंद्याचं बोलू. समजा एका तारामाशामागे तुम्हाला 300 रुपये सुटले. तोच ग्राहक मीठ, टेस्ट किट, खाद्य घ्यायला वर्षानुवर्षं येणार असतो. टाकी माळ्यावर गेली की ते सगळं बंद. बीबीएला याला मोठं इंग्रजी नाव होतं, आपण ‘गिऱ्हाईक टिकवणं’ म्हणू.

तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईक मागतंय, आपण नाही दिला तर शेजारचा देईल. देऊ दे. तुम्ही फक्त विचारा, टाकी केवढी आणि किती जुनी? दोन महिन्यांची 100 लिटरची टाकी असेल तर दोन्हींपैकी कुठलाच देऊ नका, तिथे आर्कास्टरही उपाशी राहील. टाकी मोठी, वर्षभर मुरलेली, बारीक वाळूची असेल तर खुशाल विका. घरी नेल्यावर टाकीचं पाणी थेंब-थेंब सोडून खारेपणा जुळवायला सांगा, एकदम आत टाकलेलं त्याला सोसत नाही.

ॲस्ट्रोपेक्टेन असेल तर खायला कसं घालायचं तेही दाखवा. मासळीबाजारातली तिसरी किंवा कोळंबी, नखाएवढा तुकडा. पंप बंद करायचा, चिमट्याने तो भुजेखाली वाळूत सरकवायचा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. उरलेलं काही तासांनी काढायचं, नाहीतर सडतं. शंखातले खेकडे असतील तर ते आधीच पळवतात, म्हणून जरा उभं राहून लक्ष ठेवायचं.

मी हे दुकानातल्या टाकीत करून दाखवतो. पाच मिनिटं जातात, आणि लांब चिमटाही तिथेच विकला जातो.