रंग उजळतो, पण कशाने?

मैत्रिणींनो, गेल्या संक्रांतीला आमच्या नृसिंहवाडीत हळदीकुंकवाला शेजारची एक मुलगी आली. दोन महिन्यांत चेहरा असा उजळला होता की सगळ्या तिच्याभोवती जमल्या. तिने पर्समधून एक डबी काढली. "काकू, पंधरा दिवसांत फरक पडतोय बघा की!" मी डबी उलटसुलट करून पाहिली. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, परवाना नंबर नाही. तिची आई हळूच म्हणाली, "सावळी म्हणून दोन ठिकाणी नकार आला हो."

मला अकोल्याची बातमी आठवली. २०२२ मध्ये तिथे एकाच घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, मूत्रपिंडाचा विकार जडला. तिघी एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासली, तर तिच्यात पारा निघाला. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत त्याचा एक दुर्मीळ प्रकार आढळला, आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते!

पारा कातडीतलं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तोच पारा कातडीतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. घरातल्या टॉवेल-उशीवरून तो लहान मुलांपर्यंतही पोचू शकतो. आपल्या कायद्यानुसार क्रीममध्ये पारा घालायलाच बंदी आहे. नकळत आलाच, तर दहा लाख भागांत एक भाग, त्याहून जास्त चालत नाही. पण हे तपासायचं कुणी?

अकोल्यात डबी तपासली म्हणून कारण सापडलं. आपल्याकडे पायाला सूज आली की "मीठ कमी खा" म्हणून मोकळे होतात. अन्न व औषध प्रशासनाने फक्त शहरातली मोठी दुकानं न बघता पार्लर, आठवडी बाजार आणि यात्रेतल्या स्टॉलवरचेही नमुने घ्यावेत. आशाताईंनी घरोघरी जाताना "तोंडाला काय लावता?" एवढं विचारावं. लघवीला फेस येत असेल, चेहरा किंवा पाय सुजत असतील, तर लघवीतलं प्रथिन लगेच तपासून घ्यावं. साधी तपासणी आहे. डॉक्टरकडे जाताना डबीही बरोबर न्यावी.

त्या मुलीला मी दवाखान्यात नेलं. रिपोर्ट सुदैवाने चांगला आला. डबी टाक म्हटलं, तर म्हणाली, "लग्न ठरेपर्यंत लावते काकू, मग सोडते."

तिला मी काय सांगणार? डबी तिच्या हातात आपणच दिली आहे. आपल्या मुलासाठी स्थळ बघून आल्यावर "मुलगी चांगली आहे, पण..." असं म्हणणाऱ्या आपणच ना? सरकारने डब्या तपासाव्यात. आपण ते 'पण' तपासूया.