‘मनी’ला हात लावू नका
पिंक फ्लॉइड या बँडच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधलं ‘मनी’ हे गाणं ऐकून ऐकून कान किटले, म्हणून ते वगळूनच अल्बम ऐकतो, असं सांगणारे रसिक भेटतात. मला हे मुळीच पटत नाही. पहिली बाजू गायिका क्लेअर टोरीच्या शब्दांविनाच्या आक्रोशावर संपते, विषय मृत्यूचा. तबकडी उलटली की नाणी खुळखुळतात, गल्ला खणखणतो, कागद फाटतो. मरणापाठोपाठ पैसा! हा धक्का गाळायचा? शिवाय ७ मात्रांची अडखळती चाल गिटारचा सोलो सुरू होताच ४ मात्रांत धावत सुटते, ती जागा निव्वळ लाजवाब. आणि इथं खरखरणारा डिक पॅरीचा सॅक्सोफोन पुढच्या ‘अस अँड देम’मध्ये किती मऊ होतो, तेही ‘मनी’नंतरच कळतं. रेडिओवर लागलं तर खुशाल बंद करा. अल्बम मात्र सलग ऐका.