टकटक कुठली, ते आधी ठरू द्या

बॉनेटखालून टकटक ऐकू यायला लागली की आपल्याकडे तिचं एकच नाव ठरलेलं असतं: टॅपेटचा आवाज. हे नाव फियाट आणि अँबॅसिडरच्या काळापासून चालत आलं आहे. त्या गाड्यांचे टॅपेट अधूनमधून सेट करावेच लागत, त्यामुळे अंदाज बहुधा बरोबर निघे. आजच्या इंजिनात तसलाच आवाज पाच-सहा ठिकाणांहून येऊ शकतो आणि प्रत्येक ठिकाणाचा खर्च निराळा असतो. कुठे अर्धा लिटर ऑईलने भागतं, कुठे मॅनिफोल्डची गॅस्केट लागते, तर कुठे अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. तरीही जॉब कार्डवर ‘इंजिनातून आवाज’ एवढंच लिहिलं जातं आणि पार्ट बदलायला सुरुवात होते. आवाज शोधणं हे स्वतंत्र काम मानावं, त्याची वेगळी मजुरी मेकॅनिकला द्यावी आणि काय सापडलं ते कागदावर आल्याशिवाय पार्ट मागवू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

कारण आवाज पुष्कळ काही सांगत असतो, ऐकणाऱ्याला सवड मात्र हवी. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. आयडलिंगला इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर एका सैल टॅपेटची टकटक मिनिटाला ४०० वेळा होणार. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठोका पडत असेल तर लय दुप्पट होते आणि संशय खाली, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडकडे जातो. तो ठोका जड असेल आणि चढावर, लोड आल्यावर वाढत असेल, तर गाडी तिथेच बंद करावी. गार इंजिनात येणारी आणि तापल्यावर विरणारी टकटक पुष्कळदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गळतीची असते, कारण धातू तापून प्रसरण पावला की फट बुजते. हायड्रॉलिक लिफ्टर असलेली गाडी रात्रभर उभी राहिली तर सकाळी काही सेकंद वाजते आणि ऑईल वर पोचलं की गप्प होते. इंजेक्टर तर उघडता-मिटताना टिकटिकणारच. यासाठी लागणारं अवजार महाग नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हळूच एकेका इंजेक्टरवर, मग हेड कव्हरवर टेकवायचं, मूठ कानापुढच्या हाडाला लावायची आणि पट्ट्यापासून, पंख्यापासून हात, कपडे जपायचे. आवाज कुठे मोठा होतो ते स्पष्ट कळतं. त्याहीआधी डिपस्टिक ओढून पाहायची. ऑईलचा लाल दिवा प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच पेटतो, त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

मुंबई-पुण्यात सीएनजीवर धावणाऱ्या गाड्यांसाठी तर नुसत्या आवाजावर विसंबणंही धोक्याचं आहे. सैल टॅपेट वाजतो, घट्ट टॅपेट वाजत नाही. कोरड्या गॅसवर व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेट व व्हॉल्व्हमधली फट कमी होत जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसेनासा झाला की त्याची उष्णता सीटमधून बाहेर जाऊ शकत नाही आणि त्याची कड जळते. म्हणजे खरं नुकसान शांतपणे होत असतं आणि गिऱ्हाईक गाडी छान चालते म्हणून समाधानात असतं. ही फट अनेक इंजिनांत ०.१५ ते ०.३० मिलिमीटरच्या दरम्यान असते, जेमतेम पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. फिलर गेजचं पातं तिच्यातून ओढताना हाताला किंचित अडकल्यासारखं लागलं पाहिजे. मोजण्याशिवाय हे समजायचा दुसरा मार्ग नाही, आणि मोजायला हेड कव्हर उघडावं लागतं, वेळ जातो.

नुसतं ऐकायचे पैसे कोण देणार, असं गॅरेजवाले विचारतात. त्यांचं म्हणणं खरं आहे, दोष आपला आहे. डॉक्टरांची तपासणी फी आपण मुकाट देतो, पण मेकॅनिकने तासभर कान लावून ‘हा इंजेक्टरचा नेहमीचा आवाज आहे, काही करू नका’ असं सांगितलं तर त्याच्या हातावर शंभर रुपये ठेवायला का-कू करतो. मग त्याचं पोट पार्ट विकण्यावरच चालणार. स्कॅनर लावला की सगळं कळतं, असंही सांगितलं जातं. स्कॅनर सेन्सरने नोंदवलेला बिघाड दाखवतो. सैल टॅपेट किंवा मॅनिफोल्डची बारीक गळती त्याच्या पडद्यावर येईलच असं नाही. जाड ऑईल टाकून आवाज घालवण्याचा तोडगा मला सर्वांत घातक वाटतो. आवाज दबतो, झीज चालूच राहते आणि पातळ ऑईलसाठी बनवलेल्या इंजिनात सकाळच्या पहिल्या स्टार्टला ते वरच्या भागापर्यंत पोचायला उशीर लागतो.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. प्रत्येक इंजिनाचे आकडे वेगळे असतात आणि ते लहान गॅरेजपर्यंत पोचत नाहीत. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटारकंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती मिळू न देणं हा त्यातला मुख्य मुद्दा होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण नाक्यावरच्या मेकॅनिकची अडचण आयोगाने अचूक हेरली होती. ही माहिती कंपन्यांनी खुली केलीच पाहिजे. तोवर गाडीमालकाला एवढं नक्की करता येईल: आवाज गार असताना येतो की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढावर, शेवटचं ऑईल कोणत्या ग्रेडचं आणि केव्हा टाकलं, हे जॉब कार्डवर लिहून द्यायचं. आणि गाडी परत घेताना त्याच कार्डावर ऑईल प्रेशर आणि कव्हर उघडलं असेल तर प्रत्येक व्हॉल्व्हची मोजलेली फट लिहून मागायची.