मीटर कुणाच्या नावावर?



फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' सुरू केली. उद्दिष्ट एक कोटी घरांचे, तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची. छपरावर एक किलोवॅटची सौर पॅनेल बसवली तर ३० हजार, दोनला ६० हजार, तीन वा त्याहून जास्त असतील तर ७८ हजार रुपये अनुदान. गटांच्या बैठकांत या योजनेची विचारणा होते आहे, तेव्हा तिच्याकडे बाईच्या बाजूने पाहायला हवे.

चांगली गोष्ट आधी सांगते. ही करातली सूट नाही, रोख अनुदान आहे. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने घरातल्या वीजबचतीच्या सुधारणांना ३० टक्के सवलत होती, पण ती प्राप्तिकरातून वजा व्हायची. ज्या बाईला करच बसत नाही तिच्या हाती काही पडत नसे. २०२५ अखेर तीही बंद झाली. आपल्याकडे मोलकरीण असो की प्राध्यापिका, आकडा तोच. निदान कागदावर.

अडते ते दुसरीकडे. अर्ज करायचा वीजग्राहकाने. ग्राहक म्हणजे महिनाअखेर बिलाचे पैसे जुळवणारी नव्हे; बिलावर ज्याचे नाव छापलेले असते तो. ते नाव नवऱ्याचे, सासऱ्याचे, कधी केव्हाच वारलेल्या आजेसासऱ्याचे. बदलायचे तर मालकीचा कागद हवा, वारसांची संमती हवी. विधवेने दिरांकडे संमती मागायची म्हणजे घरात हिस्साच मागितल्यासारखे होते, हे तुम्हाला मी काय सांगावे! माहेरच्या एका खोलीत राहणारी परित्यक्ता, भाड्याने राहणारी एकटी बाई यांचा तर प्रश्नच नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला सामायिक घरात राहायचा हक्क दिला. राहायचा, छपरावर काही बसवायचा नव्हे.

सरकारला बाईचे नाव लावता येत नाही असे नाही. २०१६ च्या उज्ज्वला योजनेत गॅसजोडणी बाईच्याच नावे दिली. म्हणजे शेगडी तिची, छप्पर मात्र त्याचे.

पैशाचे पाहू. सरकारी हिशेबाने तीन किलोवॅटला सुमारे १ लाख ४५ हजार खर्च येतो, आणि अनुदान पॅनेल चालू झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात येते. आधीची रक्कम कोण उभी करणार? बँकेचे विनातारण कर्ज आहे, पण तेही ग्राहकालाच. मला धास्ती वाटते ती बचतगटांची. कर्ज बाईने काढायचे, हप्ते तिने भरायचे आणि अनुदान नवऱ्याच्या खात्यात! गटाने असे कर्ज देताना आधी मीटरवर तिचे नाव लागले का ते बघावे, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्याने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि १०० युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या घरांसाठी जादा अनुदान आणले. तिथेही अट वीजग्राहकाचीच.

वाट अगदीच बंद नाही. ग्रामपंचायतीच्या घराच्या नोंदीत पतीबरोबर पत्नीचे नाव लावावे, असा महाराष्ट्र शासनाचा २००३ चा निर्णय आहे. नमुना ८ चा उतारा काढा. नाव नसेल तर अर्ज द्या, पोच घ्या. नाव लागले की तोच कागद घेऊन वीज कार्यालयात जा.

आणि एक काम. आपल्या गटातल्या दहा घरांची बिले पाहा, किती बायकांच्या नावावर आहेत ते पोस्टकार्डावर कळवा. पुढच्या अंकात ती यादी छापू.